बिनसिमेंटचं अंगण

गोंदियात स्लॅब टाकायला मिस्त्री लगेच मिळतो, दहा बाय बारा फुटांच्या कामाला मिळत नाही. ठेकेदाराला त्यात काही सुटत नाही, आणि मिस्त्री "उद्या येतो न जी" म्हणतो तेव्हा तो उद्या कोणत्या महिन्यातला हे विचारायचं नसतं. अशी किरकोळ कामं गेली काही वर्षं मी घेते. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर आधी आमगाव-सालेकसा पट्ट्यात रस्त्यांवर सुपरवायझर होते, मग घरकुलांवर. मोठ्या कामावर दिवस मोजमाप वहीत जायचा. लहान कामात दोरीचं एक टोक माझ्याच हातात असतं. न्हाणीचा उलटा उतार, गळका छज्जा, कलंडलेली कंपाउंडची भिंत असलं काहीबाही. त्यातलंच एक काम म्हणजे लॉन काढून तिथे केलेली बसायची जागा.

घर भाड्याचं होतं, सिव्हिल लाइन्सच्या मागच्या अंगाला. तिथे राहणारे साहेब बँकेत, म्हणजे तीन-चार वर्षांत बदली ठरलेली. घरमालक नागपूरला. त्यांनी फोनवर दोनच अटी घातल्या. सिमेंट लावायचं नाही, आणि घर सोडताना जागा होती तशी करून द्यायची. तिसरी अट साहेबांची, खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या आत बसला पाहिजे. एवढ्या अटी ऐकल्यावर दोन ठेकेदारांनी परत फोन केला नाही म्हणे. मला मात्र त्या ऐकून हुरूप आला. सिमेंट बंद म्हटलं की सगळी लबाडी बंद होते. खालची जमीन नीट न चोपता वरून चार इंच काँक्रीट ओतलं तर ते दोन पावसाळे तरी दोष झाकून ठेवतं. नुसत्या विटा काहीच झाकत नाहीत.

लॉन म्हणजे मालकांनी घर बांधलं तेव्हा हौसेनं लावलेलं. नर्सरीवाले 'सिलेक्शन वन' म्हणून देतात ते गवत. मुळात ती आपली दूबच, फक्त पातं बारीक. मालक नागपूरला गेले आणि गवत भाडेकरूंच्या माथी आलं. पावसाळ्यात ते गुडघ्याला लागायचं, उन्हाळ्यात पिवळं पडायचं. हिरवं ठेवायचं तर पाणी किती लागतं याचा हिशेब मी साहेबांना कागदावर करून दाखवला. १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर. मे महिन्यात गवताला दिवसाला ६ ते ७ मिलिमीटर पाणी हवं, म्हणजे रोजचे ७० ते ७५ लीटर, तेही पाइपातून वाया न जाता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे खरं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, आणि नेमकं तेव्हा लॉनला पाण्याची गरज नसते. ४५ अंशांच्या उन्हात बोअरचं पाणी गवताला घालायचं आणि त्या गवतावर कुणी बसायचंही नाही, हा व्यवहार मला कधीच कळला नाही.

खरी मागणी साहेबांच्या आईची होती. त्या अर्जुनी मोरगावकडच्या. पावसाळ्यात गवतात साप दिसला तेव्हापासून त्यांनी पायरी उतरणं सोडलं होतं. मी टेप घेऊन मापं घेत होते तर दारातूनच म्हणाल्या, "बसाले जागाच नाही ना बाई इथं. वड्या टाकाव त कुठं टाकाव?" साहेबांच्या डोक्यात दोन खुर्च्या, मधे टेबल, वर दिव्यांची माळ असलं चित्र होतं. आईंच्या डोक्यात वड्या, लाखोळीची डाळ आणि तांदूळ निवडायचं सूप. माप दोन्हींना एकच पुरत होतं, म्हणून तो वाद मी उकरलाच नाही.

साहेबांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहून ठेवले होते. सगळे परदेशातले. त्यात खाली आठ-दहा इंच गिट्टी भरा, मशीननं दाबा, मगच वर फरशी मांडा असं सांगितलेलं. ते चुकीचं नाही, पण तिकडचं आहे. थंड मुलखात हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि वरची फरशी उचलून देतं, म्हणून तिथे एवढा जाड थर लागतो. गोंदियात पाणी गोठायची भीती नाही. इथला शत्रू वेगळा, आणि तो खोदल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडचा शेतकरी जमिनीला नावानं ओळखतो. कन्हार म्हणजे काळी, भारी. मोरांड तिच्याहून हलकी. सिहार पिवळसर रेताड, बरडी तांबडी आणि खड्यांची. सब्बल मारून पाहिलं तर गवताखाली टिचभर भरावाची माती आणि त्याखाली कन्हार निघाली. कन्हार पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. दरवर्षी वरखाली होणाऱ्या जमिनीवर कडक काही ओतलं तर ते तडकणारच. सुट्या विटा मात्र जमिनीबरोबर थोड्या हलतात आणि पुन्हा बसतात. मालकांनी सिमेंटला मनाई केली ती आपल्या घराच्या काळजीनं. जमिनीच्या हिशेबानंही ती बरोबरच होती.

तात्पुरतं म्हणजे कसंतरी, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे. मिस्त्री विचारतो, "पक्कं करायचं की टेम्परवारी?" आणि 'टेम्परवारी' म्हणताना त्याचा हात आधीच सैल पडलेला असतो. माझी समजूत उलटी आहे, आणि ती डिप्लोम्यात शिकवलेली नाही. माझं माहेर देवरीकडचं, धानाचं. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापला जायचा, भारी धान त्याच्यामागून. कडपा वाळल्या की बांधायच्या, पुंजणं रचायचं, आणि त्याआधी खळं तयार करायचं. खळं करणं बायकांकडे असायचं. बांधीतली थोडी उंचावरची, पाणी न साचणारी जागा आई निवडायची. आधी धसकटं आणि गवत मुळासकट खरवडायचं. मग पाणी शिंपायचं, ते मुरेपर्यंत थांबायचं. ओल बरोबर आली की नाही हे आई मूठभर माती दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. मग धुम्मस घेऊन चोपायचं आणि वरून बैल फिरवायचे. दुसऱ्या दिवशी शेण. आई आणि चुलती दोघी समोरासमोर बसून, मागे सरकत, हातानं अर्धगोल काढत खळं सारवायच्या. वाळलं की पुन्हा एक हात.

शेणातले न पचलेले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, म्हणून तो थर तडकत नाही आणि धूळ सोडत नाही, हे कारण मला फार नंतर कळलं. आईची परीक्षा सोपी होती. मूठभर धान खळ्यावर टाकायचं, केरसुणीनं ओढायचं आणि सुपात घ्यायचं. सुपात माती आली तर आणखी एक हात शेण. त्या जमिनीवर महिनाभर बैलांचे खूर पडायचे, पोती आपटायची, माणसं निजायची. चुरणी संपली की पुढच्या पावसात त्याच जागी नांगर फिरायचा. खळं कुठे होतं ते जूनमध्ये दाखवता आलं नसतं. काही आठवड्यांपुरत्या जमिनीसाठी एवढी मेहनत, आणि ती कमी करावी असं कुणाच्या मनातही यायचं नाही, कारण त्यावर वर्षाचा दाणा पडणार असायचा. आता थ्रेशर आला, हार्वेस्टर आला, खळ्याच्या जागी ताडपत्री आली. धान वाळवायला लोक डांबरी रस्त्याची एक बाजू धरतात आणि गाडीवाले शिव्या देतात. शेण सारवलेलं खळं आता शोधावं लागतं. झाडीपट्टीत कापणीनंतर त्याच मोकळ्या बांध्यांमध्ये नाटकाचा मंडप उभा राहतो, रात्रभर हजार माणसं बसतात आणि चार दिवसांत तिथे पुन्हा नुसती बांधी असते. एकूण, आमच्या भागाला तात्पुरत्या जागेचं वावडं कधी नव्हतंच.

सामान निवडायला मला कामापेक्षा जास्त वेळ लागला. पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी असतो तो गट्टूचा, म्हणजे सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकचा. ६० मिलिमीटरचा गट्टू माणसांच्या वर्दळीला पुरतो, मांडायला सोपा, आणि उचलून दुसरीकडे नेता येतो. पण साहेबांच्या बजेटच्या तो बाहेर होता. शिवाय गट्टूबद्दल माझं मत बरं नाही. गावोगावी मंदिरापुढे, शाळेपुढे, घराच्या दारापर्यंत गट्टू बसले आहेत. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि रात्री नऊपर्यंत ते उष्णता ओकत राहतात. शहाबादी फरशी चांगली, पण ती इकडे लांबून येते आणि सुटी मांडली तर कोपऱ्यावर पाय पडताच पालथी होते.

मग राखेच्या विटा. तिरोड्याला अदानींचा ३३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच. कोळसा जाळला की राख ढिगानं निघते. केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेनं औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांना राख वापरणं बंधनकारक केलं. ते अंतर २००३ मध्ये १०० किलोमीटर झालं आणि २०१६ मध्ये ३००. त्यामुळे करड्या विटा आमच्याकडे आता सहज मिळतात. त्यांच्या कडा सरळ असतात, मापं एकसारखी असतात. भिंतीला मी त्याच सुचवते. जमिनीला मात्र मला लाल वीटच हवी होती, आणि तीही जुनी.

जुन्या विटा मिळाल्या त्या कवेलूचं एक घर पाडलं जात होतं तिथे. मालकाला स्लॅबचं घर बांधायचं होतं आणि मलबा हलवायची घाई होती. नव्या विटेच्या निम्म्याहून कमी भावात सौदा झाला, मात्र निवडून घ्यायचं काम आपलं. मी आणि मिस्त्री दुपारभर ढिगाऱ्यावर बसलो. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या, खणखण वाजली तर ठेवायची, भद्द वाजली तर टाकायची. नखानं ओरखडा काढायचा, उमटला तर टाकायची. कमरेएवढ्या उंचीवरून मातीत सोडायची, दुभंगली तर अद्धा म्हणून वेगळी ठेवायची. भट्टीत जास्त भाजलेल्या, काळसर, जराशा वाकड्या विटांना झामा म्हणतात. भिंतीसाठी त्या कुणी घेत नाही. मी मुद्दाम वेचून घेतल्या, कारण झामा पाणी कमी पितो आणि झिजत नाही. जुन्या भिंतीत मातीचा गारा होता, त्यामुळे विटा नुसत्या घासून साफ झाल्या. सिमेंटमधल्या असत्या तर निम्म्या फुटल्या असत्या. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, त्यात निघालेला प्राचीन स्तूप विटांचाच होता. बांधणारे गेले, बांधलेलं ढासळलं, तरी वीट वीटच राहिली. एवढं आयुष्य असलेली वस्तू आपण एका भिंतीत कायमची चिकटवून टाकतो हे मला नेहमीच उधळपट्टीचं वाटतं.

हिशेब सोपा होता. नऊ बाय साडेचार इंचांची वीट आडवी ठेवली की १२० चौरस फुटांना सव्वाचारशेच्या घरात लागतात. कडेच्या खड्या विटा आणि फुटतूट धरून साडेपाचशे आणल्या. मुरूम तीन इंचांचा थर, म्हणजे ३० घनफूट, पाऊण तर सोडाच, ब्रासचा तिसरा हिस्साही नाही. एवढासा मुरूम ट्रॅक्टरवाला आणत नाही, म्हणून शेजारच्या गल्लीत पडलेल्या ढिगातून विचारून घेतला आणि पैसे दिले. रेतीचा भाव ऐकून मी ती फक्त सांध्यांपुरती ठेवली. विटांखालच्या इंचभर थराला क्रशरची चुरी वापरली. चुरीचे कण टोकदार असतात, एकमेकांत अडकून बसतात. नदीच्या गोल रेतीपेक्षा ती या कामाला उलट चांगलीच.

कामावर मिस्त्री आणि दोन रेजा, म्हणजे मजूर बाया. मिस्त्री गोरेगाव तालुक्यातला पोवार, माझ्याशी मराठी, रेजांशी हिंदी आणि फोनवर घरच्यांशी पोवारी. आधी गवत. ते नुसतं छाटलं तर पुढच्या पावसात सांध्यांमधून डोकं वर काढतं, म्हणून फावड्यानं मुळांच्या खालून चकत्या काढल्या. दूब परवडली, मोथा नाही. मोथ्याच्या गाठी वीतभर खोल असतात आणि एक राहिली तरी तिचे दहा होतात. रेजांपैकी मोठीनं त्या गाठी एकेक वेचल्या, भाजीला बसल्यासारख्या निवांतपणे. मी घाई केली असती तरी तिनं ऐकलं नसतं. वरची चांगली माती आणि गवताच्या चकत्या फेकल्या नाहीत. मालकांना लॉन परत द्यायचं होतं. कंपाउंडच्या कडेला त्या मातीचा लांब वाफा केला, त्यावर आईंनी वालाचे वेल चढवले. चकत्यांचा एक पट्टा वाफ्याच्या शेवटी जिवंत ठेवला.

साडेसहा इंच खोदल्यावर उताराचं काम. पाणी घरापासून दूर गेलं पाहिजे, आणि तयार जमीन जोत्यापासून निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढते. दहा फुटांना अडीच इंच उतार ठरवला. एवढा उतार खुर्चीत बसणाऱ्याला जाणवत नाही आणि पाण्याला पुरतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चार खुंट्यांवर खुणा केल्या, दोऱ्या ताणल्या. लेझरचं यंत्र माझ्याकडे नाही. नळीतलं पाणी खोटं बोलत नाही, फक्त आत बुडबुडा नाही हे बघायचं.

कन्हारीवर सरळ मुरूम टाकला तर पावसात तो चिखलात रुततो आणि वर्षभरात दिसेनासा होतो. रस्त्याच्या कामावर यासाठी खास कापड अंथरतात. इथे ते कोण आणणार? गोंदियात भातगिरण्यांना तोटा नाही. एका गिरणीतून फाटकी विणलेली प्लॅस्टिकची पोती आणली, उसवून सपाट केली आणि एकावर एक वीतभर चढवून अंथरली. विणीतून पाणी जातं, माती वर येत नाही. त्यावर मुरूम, वर पाणी, आणि ओल बरोबर आली का हे पाहायला मी मूठभर मुरूम उचलून दाबला. मिस्त्री हसला, "म्याडम, लाडू वळता का?" मग धुम्मस. टाच जोरात मारून खळगा पडत नाही इथवर चोपलं. या एका गोष्टीत मी कुणाची गय करत नाही. मजुरीचा मोठा वाटा चोपण्यात गेला आणि तो पुढे कुणाला दिसणार नव्हता.

कडा बांधताना मिस्त्रीचा धीर सुटला. सुट्या विटांची खरी मदार कडेवर असते. कडेची ओळ सरकली की आतल्या सगळ्या ओळी सैल होतात. मी विटा खड्या, अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडायला सांगितल्या होत्या. मिस्त्री हळूच म्हणाला, "दोन घमेले मसाला चोपडू न जी बाजूनं. मालकाले कोठी दिसते?" मालकाला दिसलं नसतं. पण काढायच्या दिवशी ज्यानं काढलं असतं त्याला दिसलं असतं, आणि बहुधा मीच काढणार होते. मसाल्याऐवजी बाहेरून मुरूम ठोसून भरला.

मांडणीच्या नक्षीवर थोडी बोलाचाली झाली. साहेबांच्या मुलीला चटईची वीण हवी होती, दोन आडव्या, दोन उभ्या. मिस्त्रीचं म्हणणं होतं, सरळ सांधमोड करू. त्याचं कारण अस्सल होतं. चटईच्या विणीत दोन विटांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी भरावी लागते. जुन्या विटा कुणी नऊ इंच, कुणी पावणेनऊ, कुणाची रुंदी सव्वाचार. चार ओळींतच वीण फाटली असती. सांधमोडीत एका ओळीतला कमीजास्तपणा त्याच ओळीत जिरतो. मुलीची समजूत मधोमध चार विटांचा एक चौक तिच्या मनासारखा बसवून काढली. पुढची ओळ मांडणारा मांडलेल्या विटांवरच बसतो, खालच्या चुरीवर पाय द्यायचा नाही, हा नियम रेजांनी मिस्त्रीपेक्षा चोख पाळला. लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत पातळी धरली. शेवटी चाळलेली कोरडी रेती वर पसरून झाडूनं सांध्यांत ढकलली, पाणी शिंपलं, आणि सांधे खाली बसल्यावर पुन्हा भरली. खर्च अटीच्या आत राहिला. गट्टूचं जे अंदाजपत्रक साहेबांकडे होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास.

जून लागला तशी मी पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहत होते. पाणी साचलं नाही. थोडं सांध्यांतून मुरलं, बाकी उतारानं वाफ्याकडे गेलं. श्रावणात साहेबांचा फोन आला, एक कोपरा खचला आहे. जाऊन पाहिलं तर घुशीचा प्रताप, कंपाउंडखालून बीळ थेट कोपऱ्याखाली. काँक्रीट असतं तर ते पोकळीवर तसंच उभं राहिलं असतं आणि एक दिवस तडकलं असतं. इथे दहा-पंधरा विटा उचलल्या, बिळात काचा आणि गिट्टी ठोसली, मुरूम चोपला, विटा परत बसवल्या. तासाभराचं काम, वर चहा. शेवाळाचा त्रास मात्र झाला. भाद्रपदात भिंतीच्या सावलीतल्या दोन ओळी हिरव्यागार आणि निसरड्या झाल्या, आणि आईंचं वय पाहता तो धोका थट्टेवारी न्यायचा नव्हता. काथ्याच्या ब्रशनं घासून काढायला लावलं, आणि साध्या विटांच्या त्या दोन ओळी काढून तिथे बाजूला ठेवलेला झामा बसवला. झाम्यावर शेवाळ धरतं, पण कमी.

मोथा आलाच. एकदोन ठिकाणी. आईंनी तो उपटायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मला त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

उन्हाळ्याची काळजी मला पावसाळ्यापेक्षा जास्त होती. गवत काढून वीट मांडली की जागा तापणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुदैवानं ही बाजू पूर्वेची, दुपारी दोननंतर घराची सावली पडायची. संध्याकाळी सहाला दोन बादल्या पाणी शिंपलं की वीट ते पिते, आणि नंतर तासदोनतास तेच पाणी उडून जाताना जमीन थंड करते. गट्टूवर तेच पाणी बहुतेक वाहून जातं. रोजच्या ७०-७५ लीटरांच्या जागी २५-३० लीटर, आणि त्या पाण्याच्या जिवावर घरातली माणसं रात्री दहापर्यंत बाहेर. साहेबांची दिव्यांची माळही लागली, पण ती लावली की पाखरं येतात म्हणून आई बंद करायला लावायच्या. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या मुली तिथे जमायला लागल्या. कोजागिरीचं दूधही तिथेच आटलं. वड्या, कुरडया, मिरच्या यांचा ताबा इतका वाढला की साहेबांच्या दोन खुर्च्या पायरीजवळ सरकल्या त्या सरकल्याच.

बदलीचा आदेश यायचा तेव्हा आला. मालक नागपूरहून स्वतः घर बघायला आले, विटांवर उभे राहिले, चौकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे राहू द्या की असंच." वर विचारलं, यालाच खालून सिमेंट घालून पक्कं करायला किती लागतील? मी आकडा सांगितला, आणि खाली कन्हार आहे, तडा जाईल, हेही सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून लॉनच परत मागितलं. त्यांच्या बायकोला लॉन हवं होतं.

विटा उचलायला अर्धा दिवस पुरला. पोत्यांखालची कन्हार ओली आणि गुळगुळीत, वरचा मुरूम मात्र जसा चोपला तसाच. मुरूम वेगळा पोत्यांत भरला, वाफ्याची माती पुन्हा पसरली आणि राखून ठेवलेल्या पट्ट्यातल्या दुबेच्या काड्या वीतवीत अंतरावर खोचल्या. मृगाचा पाऊस पडला की त्या आपसूक जागा भरतात, त्यांना माझी गरज नाही. विटांचं काय करायचं, हे साहेबांनी माझ्यावर सोडलं होतं. मिस्त्रीनं माझ्या आधी भाव सांगितला, आणि भाव योग्य होता. मुरमाचे त्यानं पैसे दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

त्याच्या अंगणात गाय आणि दोन कालवडी असतात, म्हणून त्यानं विटा आडव्या न ठेवता उभ्या, साडेचार इंच खोल लावल्या. उभी वीट खुरांचा मार सहन करते, पण जागा कमी व्यापते. सव्वाचारशे विटांत त्याचं ऐंशी चौरस फुटांच्या आतच भागलं. गोठ्यापुढचा भाग तेवढा झाला. उरलेल्या अंगणासाठी आणखी विटा घ्याव्यात का, असं त्यानं मला विचारलं, तर त्याची बायको आतून म्हणाली की तिथे तिला शेणाचंच हवं, धान तिथेच वाळते. विटा लावायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं की गोठ्यापुढचा उतार दहा फुटांना अडीच पुरेल की गोमूत्रासाठी तीन धरावा. मी तीन सांगितलं.